निळा दिवा आणि दाताची नस

दात पांढरे करून घ्यायला गेलात की डॉक्टर हिरड्यांवर संरक्षक थर लावतात, दातांवर जेल पसरतात आणि तोंडासमोर निळा दिवा आणून ठेवतात. आपल्याला वाटतं, सगळी करामत त्या दिव्याची. खरं काम करतं ते जेलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यातल्या जेलमध्ये ते साधारण २५ ते ४० टक्के असतं. इनॅमलमधून आत झिरपून ते दातात मुरलेल्या रंगीत रेणूंची मोडतोड करतं. दिवा बंद असला तरी हे चालूच राहतं.

मग दिवा कशाला? तापमान १० अंशांनी वाढलं की पेरॉक्साइडच्या विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून. पण निळा प्रकाश पेरॉक्साइडला फारसा शोषता येत नाही, त्याला अतिनील किरण लागतात. त्यावर तोडगा म्हणून काही जेलमध्ये नारिंगी-लाल रंगद्रव्य घालतात. ते निळा प्रकाश टिपतं आणि जेल तापतं. ही उष्णता जेलपुरती राहिली तर प्रश्न नव्हता, पण थोडी दातात उतरतेच.

दाताच्या आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण त्याला ‘नस’ म्हणतो. तो चारी बाजूंनी कठीण डेंटिनने, म्हणजे इनॅमलखालच्या थराने, वेढलेला असतो, त्यामुळे सूज आली तर फुगायला जागा नसते आणि आतला दाब वाढतो.

या गराला किती उष्णता सोसते? या प्रश्नावर दंतवैद्यकात कायम ५.५ अंश सेल्सियसच्या वाढीचा आकडा पुढे येतो. तो १९६५ सालचा आहे. झॅक आणि कोहेन यांनी ऱ्हीसस माकडांच्या दातांना तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि पुढे गराचं काय होतं ते पाहिलं. गराचं तापमान ५.५ अंशांनी वाढलं तेव्हा १५ टक्के दातांतला गर सावरला नाही. ११ अंशांच्या आसपास हे प्रमाण ६० टक्क्यांवर गेलं आणि १६.६ अंशांना एकही गर वाचला नाही. पण सोल्डरिंग आयर्नचा चटका आणि दिव्याची हळूहळू चढणारी ऊब यांत फरक आहे. १९९७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी माणसांच्या, तसेही काढायच्याच असलेल्या दातांवर हळूहळू उष्णता देऊन पाहिली. सरासरी ११ अंशांहून थोडी जास्त वाढ होऊनही गराला इजा दिसली नाही. म्हणून ५.५ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. तरी जिवंत दाताच्या बाबतीत मी जुन्या, कडक आकड्याच्याच बाजूने राहीन.

दिव्यांची तपासणी बहुधा काढलेल्या दातांवर होते. गराच्या पोकळीत बारीक तापमापक तार बसवतात, वर जेल लावतात आणि दिवा सुरू करतात. एलईडीने वाढ सहसा कमी होते. जुने हॅलोजन दिवे आणि जास्त शक्तीवर चालवलेले डायोड लेझर मात्र ५.५ अंशांच्या पुढे जाऊ शकतात. जेलचा थर बराच तापला तरी गरापर्यंत त्यातला थोडाच भाग पोहोचतो, कारण डेंटिन उष्णतेचं मंद वाहक आहे. शिवाय जिवंत दातातलं रक्त उष्णता वाहून नेतं. ही सोय काढलेल्या दातात नसते. खालचे पुढचे दात पातळ असतात, तिथे उष्णता गरापर्यंत लवकर पोहोचते.

एवढं करून फायदा काय? दिव्यासह आणि दिव्याशिवाय केलेल्या उपचारांची तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत शेवटचा रंग जवळपास सारखाच निघाला. खुर्चीतून उठल्याबरोबर दिसणाऱ्या शुभ्रपणात दात कोरडे पडल्याचाही वाटा असतो. लाळ परत मुरली की एकदोन दिवसांत तेवढा रंग उतरतो. मग लोक म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

दात पांढरे करताना भुलीचं इंजेक्शन सहसा देत नाहीत आणि देऊही नये, कारण दुखणं हीच इथली धोक्याची घंटा. मध्येच कळ आली तर ‘थोडं सहन करा’ यावर गप्प बसू नका. हात वर करा, दिवा बाजूला करायला सांगा. आधीच दात शिवशिवत असतील, दाताला तडा असेल किंवा मोठं फिलिंग असेल, तर ते सुरुवातीलाच सांगा. लग्न दोन-तीन आठवड्यांवर असेल तर दिव्याशिवायचाही मार्ग आहे. डॉक्टरांनी मापाचा ट्रे करून दिला की त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून तो रात्री घालायचा. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं ते जेमतेम साडेतीन टक्के. ही पद्धत १९८९ पासून वापरात आहे.