शाळेच्या लायब्ररीतलं पुस्तक मुलाच्या वयाचं नाही? अर्ज कुठे आणि कसा द्यायचा

तिसरीतल्या पोरीच्या दप्तरातून लायब्ररीचं पुस्तक निघतं, कव्हर बघून गोष्टींचंच वाटतं, पण आत चाळलं तर खून, प्रेत, रक्ताची चित्रं, आणि पोरगी रात्री लाईट बंद करू देत नाही. अशा वेळी बरेच पालक एकतर व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून भडकतात नाहीतर "जाऊ दे, कशाला शाळेशी वैर" म्हणून गप्प बसतात. दोन्हीनं पुस्तक तिथेच राहतं आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जातं. म्हणून महाराष्ट्रातल्या शाळांपुरतं, कुठे जायचं आणि काय कागद लागतात ते नीट लिहितोय.

आधी मागणी काय करायची ते ठरवा. "पुस्तक काढून टाका" आणि "पुस्तक मोठ्या वर्गांच्या कपाटात हलवा" ह्या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं ठाम मत आहे की शंभरातल्या नव्वद वेळा दुसरीच मागणी बरोबर असते. तिसरीला न झेपणारं पुस्तक नववीच्या मुलाला एकदम योग्य असू शकतं, त्याचा वाचायचा हक्क आपण का घालवायचा. आणि सहावी-सातवीच्या मुलींसाठी मासिक पाळीवरचं, शरीराची माहिती देणारं पुस्तक दिसलं म्हणून तक्रार करणार असाल तर कृपा करून करू नका, ते पुस्तक त्या वयासाठीच आहे.

आता अर्ज कोण देऊ शकतं? त्या शाळेत मूल शिकतंय असे आई, वडील किंवा सांभाळणारे पालक, बस. शाळा व्यवस्थापन समितीचं मेंबर असायची गरज नाही, वकील लागत नाही, फी नाही, स्टॅम्प पेपर नाही. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो.

सोबत काय जोडायचं ते लक्ष देऊन वाचा कारण अर्ज इथेच कच्चा राहतो. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक तर हवंच, पण सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे दाखल क्रमांक, पहिल्या-दुसऱ्या पानावर शाळेचा शिक्का असतो त्यात हातानं लिहिलेला नंबर असतो ना, तो. त्या नंबरावरून दाखल रजिस्टरमध्ये पुस्तक कधी आणि कुठून आलं ते निघतं, नाहीतर "असं पुस्तक आमच्याकडे नाहीच" हे उत्तर मिळू शकतं. शिक्क्याच्या पानाचा, कव्हरचा आणि ज्या पानांवर हरकत आहे त्या पानांचा फोटो काढून प्रिंट जोडा. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, तुमचा मोबाईल नंबर. मुलाचा आधार वगैरे काही जोडायचं नाही, कामच नाही त्याचं.

आणि पुस्तक परत करायच्या आधी फोटो काढा, नंतर नाही.

मजकूर असा ठेवा: "माझी मुलगी इयत्ता तिसरी अ मध्ये शिकते. लायब्ररीच्या तासाला तिला दाखल क्रमांक अमुक हे पुस्तक मिळाले. पान १४ ते १९ वरील वर्णन व चित्रे या वयाच्या मुलांना भीतीदायक आहेत. हे पुस्तक वरच्या वर्गांच्या विभागात ठेवावे व पहिली ते पाचवीच्या पुस्तकांची वयोगटानुसार वेगळी मांडणी करावी ही विनंती. हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा." एवढंच. संस्कृती, संस्कार, आजकालचे शिक्षक यावर भाषण नको, पान नंबर लिहिलात की काम होतं.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊन ती घरी ठेवा. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. वर्गाच्या बाईंशी आधी तोंडी बोललात तर उत्तमच, बऱ्याच शाळांत वेगळा ग्रंथपालच नसतो, वर्गशिक्षिकाच पेटीतून पुस्तकं वाटतात आणि चाळीस मुलांत प्रत्येक पुस्तक आधी वाचणं त्यांना जमत नाही. म्हणजे त्यांच्याशी भांडण नाहीये हे त्यांनाही कळू द्या.

शाळा झेडपीची, महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यात तीन चतुर्थांश मेंबर पालकच असतात, मुख्याध्यापक सचिव. अनुदानित शाळेत समितीचं काम सल्ल्यापुरतंच आहे, तरी तिथेही विषय घ्यायला लावा आणि जे ठरेल त्याच्या ठरावाची प्रत मागा. विनाअनुदानित खाजगी शाळेला हे कलम लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघाकडे आणि संस्थेच्या व्यवस्थापनाकडे अर्ज द्यायचा. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डाच्या संलग्नता नियमांत लिहिलंय की जात, धर्म, भाषा यावरून भेदभाव किंवा तेढ पसरवणारी पुस्तकं लायब्ररीत ठेवू नयेत, तशी केस असेल तर अर्जात त्याचा उल्लेख करा.

शाळेनं काहीच केलं नाही तर? पहिली ते आठवीसाठी त्याच शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात झेडपी (अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्या), शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असं कायद्यात आहे, आणि तोही पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मात्र हे कलम कायद्यानं दिलेल्या हक्कांपुरतं आहे म्हणून तक्रार त्या भाषेत मांडा: कलम २९ मध्ये शिक्षण भीती आणि ताणापासून मुक्त असावं असं आहे, आणि कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवं असं आहे. ह्या दोन्हींचा आधार घ्या. नववी-दहावीसाठी माध्यमिकचे शिक्षणाधिकारी.

कधीकधी प्रश्न एका पुस्तकाचा नसतो, अख्खा गठ्ठाच न बघता आलेला असतो. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून सरकारी शाळांना लायब्ररीसाठी वर्षाला ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत ग्रँटची तरतूद आहे, त्यातून कुठली पुस्तकं घेतली हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र अ ह्या ठरलेल्या नमुन्यात, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही पण दाखला जोडा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. मागायचं काय, तर गेल्या तीन वर्षांची पुस्तक खरेदीची बिलं आणि दाखल रजिस्टरच्या प्रती. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

खरोखर अश्लील साहित्य कुणी मुलाच्या हातात दिलं असेल तर मात्र हे सगळं अर्जबिर्ज बाजूला ठेवा, तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९५ खाली गुन्हा आहे, सरळ पोलीस स्टेशन.

आणि समितीच्या बैठकीला जाल तेव्हा हातात पर्यायांची यादी घेऊन जा. प्रथम बुक्स ह्या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेची पुस्तकं लेव्हल एक ते चार अशी वाचनपातळी छापूनच येतात, त्यांच्या स्टोरीवीव्हर साईटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्या दाखवा आणि तशीच मांडणी आपल्या कपाटांवर करा म्हणून सांगा, लेबलं चिकटवायला शनिवारी दोन पालक येतो म्हणालात तर हेडसरांना नाही म्हणणं अवघड जातं.