म्युच्युअल डिव्होर्स आणि ते सहा महिने

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट होता, पण त्यासाठी दुसऱ्याचा दोष कोर्टात सिद्ध करावा लागायचा. दोघांनी मिळून 'आमचं जमत नाही' म्हणायची सोयच नव्हती. गंमत म्हणजे १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टमध्ये ती होती, म्हणजे रजिस्टर लग्न केलेल्यांना जे मिळायचं ते सप्तपदीवाल्यांना नाही. अनेक जातींत काडीमोड चालायचा, तो रूढी म्हणून कायद्याने राहू दिला. बाकीच्यांसाठी म्युच्युअल आलं ते थेट १९७६ मध्ये, कलम १३ब म्हणून.

खरा घोळ या कलमातच आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असले की दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग किमान सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत परत येऊन सांगायचं की आम्ही ठाम आहोत. मागचा विचार चांगला होता, रागाच्या भरात संसार मोडू नये. पण ज्यांनी आठ-दहा वर्षं वेगळी काढली त्यांनी कशाचा फेरविचार करायचा? त्यात १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम हुकूम) होईपर्यंत कोणीही एकटा संमती मागे घेऊ शकतो. मला हे योग्यच वाटतं, कारण सासर-माहेरच्या दबावाखाली सही केलेल्या बाईला तेवढी तरी वाट उरते. पण त्याचा हत्यारासारखा वापरही होतो, आधी सगळं कबूल करायचं आणि दुसऱ्या तारखेच्या तोंडावर पोटगीचा आकडा बदलून अडवून धरायचं.

मधल्या काळात १९८४ चा फॅमिली कोर्ट कायदा आला, पुणे-मुंबईत १९८९ मध्ये कोर्टं सुरू झाली. तिथे वकील हा हक्क नाही, कोर्टाच्या परवानगीने येतो, आणि आधी समुपदेशकासमोर बसावं लागतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ४९८अ च्या, म्हणजे नवरा-सासरच्यांकडून छळाच्या, केसमध्येही तडजोडीची शक्यता दिसली तर मिडिएशनला, म्हणजे तटस्थ मध्यस्थासमोर बसून मिटवायला, पाठवा.

मग २०१७. सुप्रीम कोर्ट म्हणालं सहा महिने बंधनकारक नाहीत, जज माफ करू शकतात, पण मिडिएशन करून एकत्र येण्याचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं खरोखर मिटलेलं हवं. लोकांनी यातलं फक्त 'माफ' एवढंच ऐकलं. माझ्या मते महत्त्वाचं ते मिटलेलं असणं, म्हणजे कन्सेंट टर्म्सचा, दोघांनी मान्य केलेल्या अटींचा, कागद. त्यात स्त्रीधनाची यादी आहे का, एकरकमी पोटगीचा डीडी कुठल्या तारखेला कोर्टात द्यायचा, फ्लॅटचे हप्ते कोण भरणार, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी की एक वर्षाआड, गणपतीत मूल कुणाकडे, हे सगळं लिहिलेलं नसेल तर सहा महिने माफ होऊनही माणसं पुन्हा त्याच कोर्टात येतात, या वेळी ताब्याच्या अर्जासाठी.

२०२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पाच जजच्या बेंचने सांगितलं की लग्न पार मोडलेलं असेल तर सुप्रीम कोर्ट स्वतःच्या खास अधिकारात थेट घटस्फोट देऊ शकतं. हा अधिकार फॅमिली कोर्टाला नाही आणि त्यासाठी थेट दिल्लीला अर्जही करता येत नाही. दुसरं, मिडिएशनचा वेगळा कायदा झाला, पण त्यातली बरीच कलमं लगेच लागू झाली नाहीत. आणि बाहेर टेबलावर कितीही छान मिटवलं तरी कलम १३ब खाली डिक्री कोर्टच देतं.