शिंतोचा विटाळ आणि बौद्धांचं कर्म: दोन्हींना ‘पाप’ म्हणणं थांबवा

जपानवरच्या मराठी लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘देवळात शिरण्याआधी जपानी माणूस पाण्याने पाप धुतो.’ हे साफ चूक आहे. शिंतो (जपानचा मूळचा धर्म) आणि बौद्ध विचारांची बहुतेक सरमिसळ इथूनच सुरू होते.

वरवरच्या खुणा सोप्या आहेत. दाराशी तोरी कमान असेल तर ते जिंजा, म्हणजे शिंतो देऊळ. बुद्धमूर्ती आणि आवारात थडगी दिसली तर बौद्ध मंदिर. जिंजात दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या जिंजात टाळ्या चार. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. १८६८ च्या सरकारी हुकुमाने ही दोन घरं वेगळी केली, त्याआधी शतकानुशतकं ती एकाच आवारात नांदत होती. म्हणून काही ठिकाणी खुणा अजून मिसळलेल्या दिसतात. घरातल्या पितरांच्या नावाची पाटी कन्फ्यूशियन चालीतून आली, दिवस-दिशांचं शुभाशुभ बरंचसं चिनी यिन-यांग विद्येतून. त्यांचा घोळ फारसा होत नाही.

कर्माचं मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. बुद्धाच्या मते कर्म म्हणजे चेतना, म्हणजेच हेतू. पाण्याने ते धुतलं जात नाही. आंघोळीने मुक्ती मिळत असती तर बेडूक-कासवंही स्वर्गात गेली असती, असं बौद्ध भिक्षुणी (थेरी) पुण्णिकेने एका ब्राह्मणाला सुनावलं होतं.

शिंतोतल्या ‘केगारे’ला, म्हणजे विटाळाला, हेतूशी देणंघेणं नाही. इ.स. ९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमसंग्रहात त्याचे दिवस मोजून दिलेत: माणसाच्या मृत्यूचे ३०, बाळंतपणाचे ७. बाळ जन्माला घालण्यात कसलं आलंय पाप? आपल्याकडच्या सोयर-सुतकाच्या जातीचीच ही गोष्ट. एका घराचा विटाळ पाहुण्यामार्फत दुसऱ्या घरी कसा जातो आणि ती साखळी कुठे तुटते, हेसुद्धा तिथे लिहिलंय.

त्याच संग्रहातली महाशुद्धीची प्रार्थना वाचली की शंका उरत नाही. धुवायच्या दोषांच्या यादीत शेताचे बांध फोडणं आहे, आणि किड्यांचा किंवा विजेचा तडाखा बसणंही आहे. केलेला गुन्हा आणि अंगावर आलेलं संकट एकाच पंगतीत! पुढे नदीच्या खळाळातली देवी हे सगळं समुद्रात नेते, दुसरी ते गिळते, तिसरा देव फुंकून पाताळात घालवतो आणि तिथली चौथी देवता ते कुठेतरी हरवून टाकते. त्यात कुणाच्याही पश्चात्तापाला जागा नाही. ही शुद्धी आजही ३० जून आणि ३१ डिसेंबरला होते.

जिंजाच्या दारातलं पाणीही याच कामाचं. पळीभर पाणी एकदाच घ्या: डावा हात, उजवा हात, डाव्या ओंजळीतून चूळ, परत डावा हात, शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने दांडा. पळी तोंडाला लावू नका. दुसऱ्यासाठी ती उष्टी होते.

घरात मृत्यू झाला की शिंतो देव्हाऱ्यावर पांढरा कागद लावतात आणि साधारण ५० दिवस जिंजात जात नाहीत. अंत्यविधी मात्र बहुतेकांचा बौद्ध पद्धतीने, आणि तिथून परतताना अंगावर मीठ टाकतात. हे मीठ बौद्ध नाही. जोदो शिन्शू हा बौद्धांचाच पंथ ते नाकारतो, कारण मृत्यू अपवित्र आहे हेच त्याला मान्य नाही. मला ही भूमिका सगळ्यांत स्वच्छ वाटते.

पण शिकवणीत विटाळ नाही म्हणून व्यवहारातही नव्हता, असं समजू नका. मेलेली जनावरं आणि कातडं हाताळणाऱ्यांना जपानने अस्पृश्य ठरवलं. १८७१ मध्ये तो दर्जा कायद्याने रद्द झाला. बौद्ध मंदिरांनी मात्र या लोकांच्या मरणोत्तर नावांत ‘पशू’, ‘नीच’ अशा अर्थाची अक्षरं घातली होती. जोदो शिन्शूची मंदिरंही त्यातून सुटली नाहीत.