दुसऱ्या इशाऱ्याशिवाय टी-पेशी लढायला उठत नाही

जुलैत कोकणात लावणीची घाई असते. दिवसभर चिखलात उभं राहून तळपाय भिजून मऊ पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उंदरांच्या लघवीतून खाचरातल्या पाण्यात आलेले लेप्टोस्पायरा हे जिवाणू अशाच चिरांतून शरीरात शिरतात.

अशा घुसखोरांवर कातडीत डेंड्रायटिक पेशी पहारा ठेवतात. अनेक फाटे फुटलेल्या या पेशी राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेतून शोधून काढल्या. ही पेशी वेगळी आहे, हे बऱ्याच शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं पटत नव्हतं. स्टाइनमन मात्र तिच्याच मागे राहिले. स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तेव्हा त्यांनी याच पेशींवर आधारलेले प्रायोगिक उपचार घेतले. २०११चं नोबेल जाहीर झालं, त्याच्या तीन दिवस आधी ते गेले होते. पुरस्कार त्यांच्याच नावावर राहिला, आणि ते योग्यच झालं.

ही पेशी जिवाणूचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका गाठीकडे जाते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ती हीच गाठ. आठवडा बाजारासारखी तिथे टी-पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, सतत ये-जा असते. नेमका तो तुकडा ओळखणारी टी-पेशी लाखात एखादीच. पण ती भेटली म्हणजे काम झालं, असं नाही; ही ओळख म्हणजे फक्त पहिला इशारा. डेंड्रायटिक पेशीनं स्वतःच्या अंगावरचा बी-७ हा रेणू टी-पेशीवरच्या सीडी-२८ या रेणूला जोडून दुसरा इशारा द्यावा लागतो. तो मिळाला नाही, तर टी-पेशी उलट बधिर होते. मला यातली काटेकोर सावधगिरी विलक्षण वाटते. डेंड्रायटिक पेशी आपल्या स्वतःच्या प्रथिनांचेही तुकडे दाखवत असते. नुसत्या ओळखीवर हल्ला सुरू झाला असता, तर सांधे, स्वादुपिंड, काहीच सुरक्षित राहिलं नसतं.

बी-७ वाढतो तो धोक्याची खूण पटल्यावर. अनेक जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला स्निग्ध रेणू टीएलआर-४ हा संवेदक चटकन ओळखतो. लेप्टोस्पायराच्या आवरणातही तसा रेणू आहे, पण त्याची घडण वेगळी. उंदराचा टीएलआर-४ तो ओळखतो, माणसाचा ओळखत नाही. आपल्या दुसऱ्या संवेदकांना जिवाणूचा सुगावा लागतो, म्हणून प्रतिकार होतोच. मात्र एक महत्त्वाचा पहारेकरी गप्प असतो, आणि जिवाणू रक्तातून मूत्रपिंड, यकृतापर्यंत पोचू शकतात.

जाग्या झालेल्या टी-पेशी विभागून वाढायला आणि प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणूनच तापाच्या पहिल्या दिवसांत प्रतिपिंडांची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, आणि त्या निगेटिव्हवर विसंबणं धोक्याचं आहे. थंडीताप, पिंढऱ्यांत ठणका, डोळे लाल, अशी लक्षणं दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी चिखलात काम करतो’ हे आधी सांगावं. तेवढ्यावरून लेप्टोचा, म्हणजे या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा, संशय आला, तर डॉक्टर तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू करू शकतात.