सीआयमधील कमांड लाइन साधनांची स्वयंचलित स्थापना

कंटिन्युअस इंटिग्रेशन किंवा सीआय या पद्धतीत कोडमधला प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासला जातो. त्यासाठी लागणारे कंपायलर, लिंटर (कोडमधील चुका दाखवणारे साधन) किंवा टेराफॉर्मसारखे (सर्व्हर वगैरे उभारणारे) कमांड लाइन प्रोग्रॅम ठरलेल्या आवृत्तीत, कोणी हात न लावता, रनरवर, म्हणजे ही कामे चालवणाऱ्या यंत्रावर, बसवण्याच्या व्यवस्थेला साधनांची स्वयंचलित स्थापना म्हणतात. सेवादात्याचा रनर हे बहुधा प्रत्येक जॉबपुरते उभे राहणारे आणि नंतर पुसले जाणारे आभासी यंत्र असल्यामुळे ही स्थापना दर वेळी नव्याने करावी लागते. त्याच्या डिस्क इमेजमध्ये गिट, पायथन, नोड आधीपासून असतात. मात्र इमेज अद्ययावत होताना त्यांच्या आवृत्त्याही बदलतात, त्यामुळे त्यांच्यावर विसंबलेला वर्कफ्लो, म्हणजे सीआयच्या पायऱ्यांचा ठरलेला क्रम, एखाद्या सकाळी अकारण बंद पडतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गिटहब ॲक्शन्स या सीआय सेवेत सेटअप-नोड, सेटअप-पायथन, सेटअप-गो अशा तयार ॲक्शन (पुन्हा वापरता येणाऱ्या पायऱ्या) हे काम करतात. मागितलेली आवृत्ती रनरच्या टूल कॅशेत, म्हणजे साधनांच्या स्थानिक साठ्यात, सापडली नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर पाहून योग्य फाइल उतरवली जाते, उलगडून कॅशेत ठेवली जाते आणि तिची डिरेक्टरी पाथमध्ये, म्हणजे शेल जिथे प्रोग्रॅम शोधतो त्या डिरेक्टरींच्या यादीत, जोडली जाते. योग्य फाइल निवडणे वाटते तितके सोपे नाही, कारण एकाच प्रोसेसरला कोणी ‘एक्स८६_६४’ म्हणतो तर कोणी ‘एएमडी६४’, आणि स्थापनेच्या स्क्रिप्टचा बराच भाग ही नावे जुळवण्यातच खर्ची पडतो. पाथचीही एक खोच आहे: प्रत्येक पायरी स्वतंत्र शेलमध्ये चालत असल्याने एका पायरीत बदललेला पाथ पुढच्या पायरीला दिसत नाही, म्हणून तो एका नेमलेल्या फाइलमध्ये लिहावा लागतो. पूर्वी लॉगमध्ये विशिष्ट ओळ छापूनही हे साधता येई. परंतु लॉगमध्ये उमटलेला परका मजकूरही आज्ञा ठरू शकतो हे लक्षात आल्यावर नोव्हेंबर २०२० मध्ये ती सोय बंद करण्यात आली.

‘नवीनतम आवृत्ती आणा’ ही सूचना सोयीची दिसली तरी टाळावी. नवीनतम आवृत्ती कोणती हे बहुधा गिटहबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या सेवेला, विचारावे लागते. टोकन (ओळख पटवणारी किल्ली) न देता तिला एका आयपी पत्त्यावरून तासाला ६० विनंत्याच करता येतात, आणि सामायिक पत्त्यांवर ही मर्यादा सहज संपते.

याहून गंभीर प्रश्न उतरवलेल्या फाइलवरील विश्वासाचा आहे. स्क्रिप्ट कर्ल या साधनाने इंटरनेटवरून आणून, न तपासता, थेट बॅश या शेलच्या हवाली करण्याची सवय किती महागात पडते, हे कोडकोव्ह या चाचण्यांची व्याप्ती मोजणाऱ्या सेवेच्या बॅश अपलोडरने दाखवले. ३१ जानेवारी २०२१ पासून त्या स्क्रिप्टमध्ये फेरफार होऊन रनरवरील एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल (ज्यांत पासवर्ड, टोकन अशी गुपितेही असतात) बाहेरच्या सर्व्हरकडे जात होती. एका ग्राहकाने चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ताडून पाहिला तेव्हा, १ एप्रिलला, हे उघड झाले. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या चेंज्ड-फाइल्स या ॲक्शनचे आवृत्तीदर्शक टॅग एका घातक कमिटकडे (कोडमधील नोंदवलेल्या बदलाकडे) वळवण्यात आले, आणि ज्यांनी आवृत्ती ‘पक्की’ केली होती त्यांच्याही लॉगमध्ये गुपिते छापली गेली.

टॅग हलवता येतो, कमिटचा ४० अक्षरी हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून ठरणारी ओळखखूण, हलवता येत नाही. म्हणून परक्या ॲक्शनचा उल्लेख हॅशने करणे इष्ट ठरते. बायनरीचा चेकसमही प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतच लिहून ठेवावा, कारण तो त्याच सर्व्हरवरून आणला तर फाइल बदलणारा चेकसमही बदलू शकतो. ॲक्शनचे असे हॅश जुने पडत जातात, आणि ते बदलण्याचे प्रस्ताव डिपेंडाबॉटसारखी साधने पुल रिक्वेस्टच्या (कोड बदलण्याच्या विनंतीच्या) रूपाने पाठवतात. ते वाचून मान्य करणे मात्र माणसाकडेच राहते.