पार्श्वभूमी : मिनी ड्रायव्हरमधला ‘मिनी’

गोल्फमध्ये सुरुवातीचा लांब फटका मारायच्या क्लबला, म्हणजे काठीला, ड्रायव्हर म्हणतात. आज मिनी ड्रायव्हर म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लबचं हेड, म्हणजे चेंडूवर आदळणारं टोक, साधारण २८० ते ३४० सीसीचं (घन सेंटिमीटर) असतं. १९९७ साली आलेल्या एका गाजलेल्या ड्रायव्हरचं हेड २९० सीसीचं होतं आणि त्याच्या नावातच ‘बिगेस्ट’ हा शब्द होता. तीस वर्षं व्हायच्या आतच त्याच आकाराला ‘मिनी’ म्हणण्याची वेळ आली. हा प्रवास ठाऊक नसेल, तर हा क्लब दहा-वीस चेंडूंवर आजमावून काढलेला निष्कर्ष अर्धवट राहतो, असं माझं मत आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. लाकडी हेडच्या काळात ड्रायव्हर आणि स्पून यांच्यामध्ये ब्रासी नावाचा क्लब असे. त्याच्या तळाला पितळेची पट्टी बसवलेली असायची, म्हणून ते नाव. पुढे लांब फटक्यांच्या या लाकडी क्लबांना, म्हणजे ‘वुड’ना, क्रमांक आले तेव्हा ब्रासी टू वुड झाला आणि स्पून थ्री वुड. १९३८ मध्ये अमेरिकेत आणि १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये बॅगेत चौदाच क्लब ठेवण्याची मर्यादा आली. त्यानंतर नव्या वेजसाठी (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबसाठी) जागा हवी असली की बाहेर जाणाऱ्यांत टू वुड पुढे असे. मिनी ड्रायव्हर आज नेमक्या त्याच रिकाम्या जागेवर दावा सांगतो.

खरी उलथापालथ धातूमुळे झाली. १९७९ मध्ये स्टेनलेस स्टीलचं पोकळ हेड असलेला बारा अंश लॉफ्टचा (लॉफ्ट म्हणजे हेडच्या पुढच्या पृष्ठभागाचा कल) ड्रायव्हर आला. लाकूड मात्र लगेच हटलं नाही. पर्सिमन लाकडाच्या ड्रायव्हरने मेजर (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकल्याची शेवटची नोंद १९९३ ची, अमेरिकेतल्या ऑगस्टाची आहे. त्याआधी दोन वर्षं, १९९१ मध्ये, ‘बिग बर्था’ बाजारात आला होता. त्याचं हेड १९० सीसीचं होतं. आज थ्री वुडचं हेड साधारण एवढंच असतं, पण तेव्हा लोक ते हातात घेऊन चकित होत. १९९५ मध्ये त्याचा टायटॅनियमचा वारसदार आला आणि आकार २५० सीसीच्या आसपास गेला, १९९७ मध्ये २९० वर. टायटॅनियम हलकं आणि मजबूत, त्यामुळे वजन न वाढवता हेड फुगवता आलं आणि फेस, म्हणजे चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग, पातळ करता आला.

पातळ फेसमुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला. चेंडू आदळला की फेस किंचित दबतो आणि परत उसळतो, ट्रॅम्पोलिनसारखा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नियामक संस्थेने या उसळीला ०.८३० गुणांकाची मर्यादा घातली. उरलेल्या जगासाठी नियम करणाऱ्या संस्थेने ती तेव्हा मानली नाही. त्यामुळे २००० साली असा पेच झाला की एकच ड्रायव्हर अमेरिकेत नियमबाह्य आणि स्कॉटलंडमध्ये वैध! २००२ मध्ये दोघांत समझोता झाला, तरी अमेरिकेबाहेरच्या सर्वसाधारण खेळाडूंना जुने क्लब वापरायला २००७ अखेरपर्यंत मुभा राहिली. सगळीकडे एकच नियम लागू व्हायला १ जानेवारी २००८ उजाडलं. ही दहा वर्षांची दिरंगाई महागात पडली, असं मला वाटतं. वादाचा सगळा झोत उसळीवर राहिला आणि हेडच्या आकाराकडे दुर्लक्ष झालं.

आकाराची वाढ त्याच काळात सर्वांत वेगवान होती. २००१ च्या एका मालिकेत ३००, ३२० आणि ३६० सीसी असे तीन ड्रायव्हर होते. त्यातला ३०० चा ड्रायव्हर सर्वांत लहान होता, पण त्याला कोणी मिनी म्हटलं नाही. तो पूर्ण ड्रायव्हरच होता. तीन वर्षांत ४०० सीसी नेहमीचं झालं. अखेर १ जानेवारी २००४ पासून हेडला ४६० सीसीची मर्यादा आली, मोजमापातल्या फरकासाठी वर १० सीसीची सूट. त्याच दिवसापासून, पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवायचा क्लब) वगळता, क्लबची लांबीही ४८ इंचांवर थांबवण्यात आली.

सीसी म्हटलं की आपल्याला मोटरसायकलचं इंजिन आठवतं. इथे मोजतात ते हेडने व्यापलेलं घनफळ. हा आकडा मर्यादा म्हणून आला, पण काही वर्षांत तोच लक्ष्य बनला. उसळ वाढवता येत नाही म्हटल्यावर उत्पादकांनी चुकलेल्या फटक्याला माफ करणारं हेड विकायला घेतलं. वजन कडांना जितकं लांब, तितकं हेड चुकीच्या आघाताने कमी वळतं. त्यासाठी जागा हवी आणि जागा ४६० पर्यंत मोकळी होती. २००६ मध्ये या स्थिरतेलाही मर्यादा घालावी लागली. माझ्या मते ४६० चा आकडा फार सैल होता. तो ३५० च्या आसपास ठेवला असता, तर आज ‘मिनी’ नावाचा वेगळा क्लब लागलाच नसता.

आता शब्दाचा गुंता. दुकानदार, प्रशिक्षक आणि खेळाडू ‘मिनी ड्रायव्हर’ म्हणतात, पण नियमांना अशी कुठली जात माहीत नाही. मान्यताप्राप्त ड्रायव्हर हेडची जी यादी निघते, तिच्या दृष्टीने १५ अंश किंवा त्याहून कमी लॉफ्टचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. आकार काहीही असो, त्यावर ‘वुड’ लिहिलेलं असो. म्हणजे साडेतेरा अंशांचा मिनी हा नियमाने सरळ ड्रायव्हर आणि तेवढ्याच लॉफ्टचा ‘स्ट्राँग’ थ्री वुडही ड्रायव्हर. २०१४ मध्ये आलेला २६० सीसीचा मिनी १२, १४ आणि १६ अंशांत मिळत असे. त्यातले पहिले दोन या व्याख्येत बसतात, तिसरा बसत नाही. एकच साचा, एकच नाव, पण दोन जाती.

याचा व्यवहारात परिणाम होतो. यादीचा स्थानिक नियम लागू असलेल्या स्पर्धेत मिनीचं हेड, मॉडेल आणि लॉफ्टसकट, यादीत असावं लागतं. १९९९ पूर्वी बनलेल्या हेडला त्यातून सूट आहे. तेव्हा १९९७ चा २९० सीसीचा ड्रायव्हर यादीत न पाहता वापरता येतो, पण त्याच आकाराच्या आजच्या मिनीची नोंद तपासावी लागते. परदेशातून किंवा जुन्या बाजारातून क्लब मागवणाऱ्यांनी हे आधी बघावं.

२०१४ हे वर्ष महत्त्वाचं, कारण त्या वर्षी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच कल्पनेवर क्लब काढले. एकाचं हेड २६० सीसीचं, दुसऱ्याचं २३५ आणि त्याच्या नावात ‘१.५’ हा आकडा, म्हणजे ड्रायव्हर आणि टू वुडच्या मधला. आधीच्या वर्षी स्कॉटलंडच्या म्युअरफील्डवर एका खेळाडूने ड्रायव्हर बॅगेत न ठेवता ब्रिटिश ओपन जिंकली होती. टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) थ्री वुडने चेंडू नीट जातो, पण त्याचा फेस लहान असतो. ड्रायव्हरचा फेस मोठा, पण शाफ्ट (दांडा) साडेपंचेचाळीस इंच किंवा त्याहून लांब. मिनीने लांबी साडेत्रेचाळीस इंचांवर आणली. पर्सिमनचे ड्रायव्हर याच लांबीच्या आसपास असत, ही गोष्ट जाहिरातींत फारशी येत नाही.

त्यानंतर काही वर्षं हा क्लब मागे पडला. २०१९ मध्ये २७५ सीसीचा नवा मिनी आला आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कियावा आयलंडवर वयाच्या पन्नासाव्या वर्षी मेजर जिंकणाऱ्या खेळाडूच्या बॅगेत तो दिसला. तोच खेळाडू, ज्याने म्युअरफील्डवर ड्रायव्हर घरी ठेवला होता. या वेळी मिनीशेजारी जवळपास ४८ इंचांचा ड्रायव्हरही होता. लांबीचं टोक गाठायचं आणि अचूकतेसाठी वेगळा क्लब ठेवायचा, अशी ती वाटणी होती. जानेवारी २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावता येऊ लागली. २०२१ च्याच मिनीला २००१ च्या मालिकेचं ‘३००’ हे नाव मिळालं, हेड ३०७ सीसीचं. पुढे २०२३ मध्ये ३०४, २०२४ मध्ये ३४०, २०२५ मध्ये २८० सीसीचे मिनी आले.

आपल्याकडची आठवण ऑक्टोबर २०२५ ची आहे. दिल्लीच्या लोधी कोर्सवर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जगातल्या आघाडीच्या एका खेळाडूने ड्रायव्हर बाजूलाच ठेवला. तिथले फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) अरुंद आहेत आणि कडेच्या झुडपांत गेलेला चेंडू सहसा बाहेर काढता येत नाही. मिनीची गरज कुठे पडते, हे अशा कोर्सवर लगेच कळतं.

आजमावताना दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात. टीवर त्याची तुलना स्वतःच्या ड्रायव्हरशी करावी, सर्वांत लांब गेलेल्या चेंडूवरून न ठरवता दहा चेंडू किती रुंदीत पडले ते पाहून. टी मात्र ड्रायव्हरपेक्षा खाली लावावी. गवतावरून त्याची तुलना थ्री वुडशी करावी आणि इथे बरेच जण निराश होतात. चेंडूचा व्यास १.६८ इंच, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या चेंडूचा मध्य ०.८४ इंचावर असतो. मिनीच्या फेसचा मध्य त्याहून वर येतो. आघात फेसच्या खालच्या भागात होतो, वेग घटतो, फिरकी वाढते. साडेअकरा अंशांचा मिनी गवतावरून उचलायला वेगवान स्विंग लागतो, साडेतेराचा त्या मानाने सोपा. थ्री वुड काढून मिनी ठेवायचा की ड्रायव्हर काढून, हे या दुसऱ्या चाचणीनंतरच ठरवावं.