पुनर्कथन रोमान्स

जुनी परीकथा, पुराणकथा किंवा सगळ्यांच्या वाचनातली एखादी अभिजात कादंबरी घ्यायची आणि तिची प्रेमकादंबरी म्हणून नव्याने मांडणी करायची, या प्रकाराला पुनर्कथन रोमान्स म्हणतात, वाचकांमध्ये नुसतं ‘रीटेलिंग’ म्हटलं तरी कळतं. फक्त नावं उसनी घेऊन भागत नाही, मूळ गोष्टीचा सांगाडा ओळखू यायला लागतो, आणि शेवट गोड असावा लागतो कारण रोमान्स या प्रकाराची ती पहिली अट आहे. म्हणून ट्रॉयच्या युद्धावर कितीही हळवी प्रेमकथा लिहिली आणि नायक शेवटी मेला तर ती पुनर्कथन असते, पण काटेकोरपणे रोमान्स नसते. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात ही गोष्ट वेगळी.

वाचकाला गोष्ट आधीच पाठ असते, त्यामुळे ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न इथे फारसा उरत नाही. उरतो तो असा की जुन्या गोष्टीत नायकाने जे काही केलंय, म्हणजे पळवून नेणं, कोंडून ठेवणं, विसरून जाणं, त्याचं आता करायचं काय. या प्रकारातली बरीचशी कारागिरी तो दोष कुठे सरकवायचा यातच खर्ची पडते, आणि ही युक्ती अजिबात नवी नाही. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो तरी लोकांच्या भीतीने नाकारतो. कालिदासाने (साधारण चौथं-पाचवं शतक) दुर्वासांचा शाप आणि हरवलेली अंगठी घालून राजाला सोडवलं. अंगठीची खूण पाली जातकातही (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींत) सापडते, कट्ठहारि जातकात राजा ती ओळखत असूनही नाकबूल करतो, म्हणजे कालिदासाची खरी भर शापाची मानायला हरकत नसावी. नाटक हे कादंबरी नव्हे हे मान्य, पण पद्धत तीच.

परीकथांमध्ये सगळ्यात जास्त वेळा नव्याने लिहिली गेलेली गोष्ट बहुधा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च असावी, आणि तिच्या उगमाचा वाद अजून मिटलेला नाही. छापील रूप पहिल्यांदा गाब्रिएल-सुझान द विलनव यांनी १७४० मध्ये दिलं, ते चांगलं लांबलचक आणि मोठ्यांसाठी होतं. १७५६ मध्ये ज्यां-मारी लप्रँस द बोमाँ यांनी ते छाटून मुलींच्या शिकवणीच्या पुस्तकात घातलं आणि पुढे जगभर पसरलं ते हेच छाटलेलं. फरक बघण्यासारखा आहे. विलनवचा बीस्ट रोज रात्री ‘माझ्याबरोबर झोपशील का’ असं सरळ विचारतो, बोमाँचा ‘माझी बायको होशील का’ एवढंच. विलनवमध्ये बारा भावंडं, बोमाँमध्ये सहा. विलनवमध्ये ब्यूटी शेवटी राजा आणि परीची मुलगी निघते, बोमाँने तो फाटा उडवला आणि ती व्यापाऱ्याचीच मुलगी राहिली, जे माझ्या मते सुधारणाच आहे. शापाचं कारणही वेगळं: विलनवमध्ये राजपुत्राने त्याला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या परीशी लग्न करायला नकार दिला म्हणून तो जनावर झाला, म्हणजे बिचाऱ्याची काही चूकच नाही. बोमाँ तर दुष्ट परीने शाप दिला एवढं सांगून मोकळ्या होतात. त्याच्या उद्धटपणाची शिक्षा म्हणून शाप, हे आज सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं कारण १९९१ च्या अॅनिमेशन सिनेमाने घट्ट केलं आणि आताच्या बहुतेक रोमान्स कादंबऱ्या मूळ पुस्तकांपेक्षा या सिनेमाच्याच मागे जातात, कारण चूक असलेला नायक सुधारता येतो.

त्याच्याही मागे जायचं तर लोक आपुलेयस या रोमन लेखकापाशी थांबतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याने लॅटिनमध्ये सांगितलेली क्युपिड आणि सायकीची गोष्ट, ज्यात नवरा फक्त अंधारात येतो आणि बायकोने त्याचं तोंड बघायचं नसतं, ती याच कुळातली. (ही गोष्ट तिथे दरोडेखोरांच्या गुहेत एक म्हातारी पळवून आणलेल्या मुलीला, रडू नको म्हणून सांगते, आणि पळवून नेण्याच्या गोष्टींचा पुढचा पसारा बघता हे जरा बोचतंच.) लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर सूचीत, जी १९१० मध्ये आर्नेने सुरू केली आणि २००४ मध्ये उथरने नव्याने मांडली, या कुळाचा क्रमांक ४२५ आणि ब्यूटीच्या उपप्रकाराचा ४२५ सी. स्वीडिश अभ्यासक स्वान यांनी १९५५ मध्ये या कुळाची असंख्य रूपं तपासून ती तोंडी परंपरेतली मानली. उलट देटलेव्ह फेलिंग यांनी १९७७ मध्ये म्हटलं की हे सगळं आपुलेयसच्याच डोक्यातून निघालं आणि तोंडी रूपं पुस्तकातून झिरपलेली आहेत. २०१६ मध्ये दा सिल्व्हा आणि तेहरानी यांनी जीवशास्त्रातली वंशवृक्षाची पद्धत लावून ४२५ सी ही गोष्ट अडीच ते सहा हजार वर्षं जुनी असावी असा अंदाज काढला, तो पेपरांत खूप गाजला. पण छापील पुराव्यावर भर देणारे अभ्यासक अशा अंदाजांकडे संशयाने बघतात आणि लिखित पुरावा आपुलेयसच्या मागे जात नसेल तर आकडे जपूनच वापरावेत हे बरं. सोळाव्या शतकातल्या, अंगभर केस असलेल्या पेत्रुस गोन्साल्वुसवरून ही गोष्ट निघाली असं मोबाईलवर फिरत असतं, ते सोडून द्यावं.

सिंड्रेलाची कुळी आणखी पसरलेली. नवव्या शतकातली चिनी ये श्यानची गोष्ट, बासिलेचा सतराव्या शतकातला इटालियन पाठ, पेरोचा १६९७ चा फ्रेंच, ग्रिम बंधूंचा १८१२ चा, आणि मॅरियन कॉक्स यांनी १८९३ मध्येच ३४५ रूपं एकत्र केली होती. पेरोचा बूट काचेचा की खारीच्या फरचा हा वाद (फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच) फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकपासून चालू आहे, पण पेरोने स्वतः काचेचाच शब्द छापलाय त्यामुळे काचच धरावी. रोमान्सवाल्यांना तसंही बूट लागतोच असं नाही: ज्युलिया क्विन यांच्या २००१ च्या रीजन्सी (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडात घडणाऱ्या) कादंबरीत मुखवट्यांच्या नृत्यसमारंभानंतर मागे राहतो तो हातमोजा, आणि नायिका सरदाराची अनौरस मुलगी असल्याने अडचण जादूने सुटण्यासारखी राहतच नाही.

निद्रिस्त राजकन्येच्या गोष्टीत संमतीचा प्रश्न सगळ्यात उघडा आहे. बासिलेच्या पाठात राजा झोपलेल्या मुलीवर बळजबरी करून निघून जातो आणि तिला झोपेतच जुळं होतं. पेरोचा राजपुत्र नुसता गुडघे टेकतो, चुंबन ग्रिमच्या पाठात येतं. नव्या कादंबऱ्या एकतर तिला आधीच जागी करतात नाहीतर दोघांची आधीची ओळख स्वप्नात घडवतात, आणि स्वप्नात भेटणारा देखणा तरुण विलनवनेच वापरून ठेवलाय. हिमगौरीवर लिहिताना अडचण दुसरीच: ग्रिमच्या पाठात बुटक्यांना नावंच नाहीत, लोकांना पाठ असलेली नावं १९३७ च्या सिनेमाची, त्यामुळे मूळ गोष्ट सगळ्यांची असली तरी ती नावं घेता येत नाहीत.

पुराणकथांत गेल्या काही वर्षांत ग्रीक देवी डिमीटरची मुलगी पर्सेफोनी आणि पाताळाचा देव हेडीस यांची लाट आहे. साधारण इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकातल्या डिमीटरच्या स्तोत्रात हेडीस पर्सेफोनीला पळवून नेतो, डाळिंबाचा दाणा गुपचूप खायला देतो (तो खाल्ला की पाताळात परत यावंच लागतं), आणि ती आईला सांगते की त्याने जबरदस्तीने खायला लावलं. आताच्या पुनर्कथनांत ती बहुतेक वेळा दाणा स्वतः उचलून खाते, आणि खलनायकाची जागा मुलीला डांबून ठेवणाऱ्या आईकडे जाते. म्हणजे दोष परत सरकला, आणि ज्या स्तोत्रात सगळं दुःख आईचं आहे तिथून तो तिच्याच माथी मारणं मला तरी जरा जास्तच वाटतं. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लोर ऑलिम्पस’ या वेबकॉमिकने ही जोडी तरुण वाचकांत पोचवली.

अभिजात कादंबऱ्यांत जेन ऑस्टेनचं १८१३ चं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सगळ्यांच्या पुढे. १९९६ च्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’त नायकाचं आडनावसुद्धा मूळ नायकासारखं डार्सीच ठेवलंय, तर २०१९ च्या ‘अनमॅरेजेबल’मध्ये तीच गोष्ट पाकिस्तानात घडते. जिथे लग्नाची घाई, पैशाचा हिशेब आणि लोक काय म्हणतील हे अजून खरं आहे तिथे ती सहज रुजते, बाकी ठिकाणी लेखकाला ऑफिस नाहीतर कंपनीची मालकी वगैरे आणून तेवढा दबाव तयार करावा लागतो. उलट शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’ला (१८४७) जीन ऱ्हिसने १९६६ मध्ये दिलेलं उत्तर नायक रॉचेस्टरच्या माळ्यावर कोंडलेल्या पहिल्या बायकोच्या बाजूने आहे, ते पुनर्कथन म्हणून थोर असलं तरी रोमान्सच्या बाहेरच ठेवायला लागतं, कारण ते वाचल्यावर रॉचेस्टरला नायक म्हणून परत उभं करणं अवघड जातं, तरी लोक करतातच.